तळाशी उरलेले घोट

लोणावळ्यात पावसाळ्यातल्या सोमवारी सकाळी भाड्याच्या एखाद्या बंगल्याच्या मागच्या अंगणात जाऊन पाहावं. शनिवार-रविवारचे पाहुणे निघून गेलेले असतात आणि पंचविशीतला एक मुलगा रिकाम्या बाटल्या गोणीत भरत असतो. प्रत्येक बाटली तो आधी उजेडाकडे धरून बघतो. तळाशी घोटभर उरलं असेल तर पिऊन टाकतो, मग गोणीत घालतो. झाडलोट, पाणी भरणं, गाड्या लावून घेणं ही कामं तो चोख करतो. पगार किती मिळतो, असं विचारलं की मात्र गडबडतो. गावात त्याला ‘येडा’ म्हणतात.

मावळात अशी मुलं मी गावोगाव पाहिली आहेत. त्यांना सौम्य बौद्धिक अक्षमता असते, म्हणजे साधारण ५० ते ६९ बुद्ध्यांक. चेहऱ्यावरून काही कळत नाही, बोलणं-चालणं चारचौघांसारखं. शाळेत मागे पडली, घरी बसली, मग ढाब्यावर किंवा बंगल्यावर कामाला लागली. त्यांची अडचण कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यांची दारू तेवढी सगळ्यांना दिसते.

ती त्यांना पाजली कुणी? वरातीत, यात्रेत, निवडणुकीच्या रात्री आपणच त्यांना पाजतो, नाचवतो आणि मोबाईलवर त्यांचं चित्रण करतो. बंगल्यावरच्या त्या मुलाला मी एकदा विचारलं, “कशाला पितोस रे?” तो म्हणाला, “प्यालो की मला भाऊ म्हणत्यात.”

हे ऐकल्यापासून ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मला सहन होत नाही. औषध स्वभावातूनच शोधायला हवं. माणसाला नशेकडे ओढणारे चार स्वभाव अभ्यासकांनी वेगळे काढले आहेत: मनातून खचलेला, छातीत जरा धडधडलं की घाबरणारा, विचार करण्याआधी हात पुढे करणारा आणि थरारामागे धावणारा. नेदरलँड्समध्ये सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी याच चार स्वभावांवर बेतलेला उपचारक्रम तयार झाला. खचलेल्याला वेगळा सराव, उतावळ्याला वेगळा. ‘भाऊ’ या एका शब्दासाठी पिणाऱ्या मुलाला दारूचे दुष्परिणाम सांगून काय उपयोग? त्याला आधी माणसं हवीत.

आपल्याकडे व्यसनमुक्तीची परंपरा मोठी आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि व्यसनी माणसाला मायेनं वागवायला महाराष्ट्राला शिकवलं. पण व्यसनमुक्तीचे उपचार बहुतेक बोलण्यावर चालतात. गटात बसा, आपलं मन उघडं करा, पुढचा विचार करा. ज्याला लांबलचक वाक्यच उमगत नाही, तो तिथे मान डोलावत बसतो. मान डोलावणं त्याला लहानपणापासून शिकवलेलंच असतं.

कायद्यातही त्याची जागा दोन ठिकाणी वाटली गेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दारूच्या गैरवापरातून येणाऱ्या अवस्था मानसिक आजारात धरल्या आणि बौद्धिक अक्षमता त्या व्याख्येतून वगळली. ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. हे योग्यच, कारण अक्षमता हा आजार नव्हे. पण ज्याच्याकडे दोन्ही आहे, त्याच्या आईनं कुठे जायचं? एका आईला मी दोन दारं ठोठावताना पाहिलं. एकीकडे ऐकलं, “तो पितो, आम्ही ठेवून घेणार नाही.” दुसरीकडे, “त्याला समजत नाही, उपचार कसे करणार?” परतीच्या लोकलमध्ये कामशेत येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

व्यसनमुक्तीच्या समुपदेशकानं आणि विशेष शाळेच्या शिक्षकानं एकत्र बसायला हवं. चित्रं वापरा, वाक्यं आखूड ठेवा, एकच गोष्ट दहा वेळा करून दाखवा. सोबत घरचं माणूस असू द्या. याला मोठी इमारत लागत नाही.

तोवर बंगलेवाल्यांनी एवढं करावं. उरलेली दारू रविवारी रात्रीच मोरीत ओतावी, बाटल्या धुऊन ठेवाव्यात. आणि पगार रोख, ठरलेल्या तारखेला, त्याच्या विश्वासाच्या माणसासमोर, एकेक नोट मोजून त्याच्या हातात द्यावा. देताना त्याला त्याच्या नावानं हाक मारावी.