नशा, वाहन आणि आपली साक्ष



समजा, इशाची नमाज आटोपून एक वृद्ध गृहस्थ रस्त्याच्या कडेने घरी निघाले आहेत. मागून भरधाव मोटारसायकल येते आणि त्यांना जबर जखमी करते. ती चालवणारा तुमचा पुतण्या आहे आणि मागे बसलेला तुमचा मुलगा. पोलीस पुतण्याच्या तोंडाशी श्वास तपासण्याचे यंत्र धरतात. यंत्र शून्य दाखवते आणि नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. इतक्यात मुलगा तुम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "अब्बा, निघण्याआधी त्याने गांजा ओढला होता. मी नको म्हणत होतो." ही गोष्ट आता फक्त तिघांना ठाऊक आहे. अशा वेळी ईमान आपल्याकडून काय मागते?

नशा निषिद्ध आहे, याविषयी आपणांस शंका नाही. प्रत्येक मादक पदार्थ 'खम्र' आहे आणि प्रत्येक खम्र हराम आहे, असे आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. गांजा-चरसाचे नाव त्यात नाही, म्हणून तो चालतो, असे म्हणणाऱ्यांना विद्वानांनी शतकांपूर्वीच उत्तर दिले. इमाम जरकशी यांनी चौदाव्या शतकात हशीशच्या निषेधावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तेव्हा आपला प्रश्न हराम-हलालचा नाही. जो अपराध यंत्राला दिसत नाही, त्याच्याबाबत आपली जबाबदारी कोणती, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम कायद्याची अडचण समजून घेऊ. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 185 नुसार दर 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले, तर वाहन चालवणारा दोषी ठरतो. मद्यासाठी आकडा आहे आणि तो मोजणारे यंत्रही आहे. अमली पदार्थांसाठी मात्र त्या कलमात आकडा नाही. चालकाला वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका त्या पदार्थाचा अंमल होता, हे सिद्ध करावे लागते. श्वासाचे ते यंत्र फक्त मद्य ओळखते, गांजा नव्हे.

मग रक्त का तपासू नये? तपासता येते, परंतु गांजातील मादक द्रव्य मद्यासारखे वागत नाही. धूर आत गेल्यावर काही मिनिटांतच रक्तातील त्याचे प्रमाण शिगेला पोहोचते आणि पुढच्या काही तासांत झपाट्याने उतरते. ते चरबीत साठते आणि त्याचे अवशेष लघवीत कित्येक दिवस, तर नेहमी ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे उशिरा घेतलेल्या रक्तात नशेत असलेला मनुष्य जवळजवळ निर्दोष दिसू शकतो, आणि आठवड्यापूर्वी ओढलेला पण आज शुद्धीवर असलेला मनुष्य लघवीच्या तपासणीत दोषी भासू शकतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने गांजाला मुभा दिल्यानंतर रक्ताच्या एका मिलिलीटरमागे 5 नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली. परंतु तेथेही त्या आकड्यावरून नशेचे केवळ अनुमान काढता येते, आणि आरोपीला ते खोडून काढता येते.

म्हणून अशा खटल्यात माणसांचे डोळे महत्त्वाचे ठरतात. डॉक्टरांनी वेळेवर नोंदवलेली लाल डोळे, वाढलेली नाडी, अडखळती चाल ही लक्षणे आणि सोबत असणाऱ्यांची साक्ष यांवर न्याय उभा राहतो. पोलिसांना संशयच आला नाही, तर डॉक्टरही तपासणार नाहीत आणि रक्तही घेतले जाणार नाही. तुमच्या मुलाने सकाळपर्यंत मौन पाळले, तर त्याने केवळ एक गोष्ट लपवली असे होत नाही. पुरावाच नाहीसा होऊ दिला असे होते.

येथे एक आक्षेप येईल. जो आपल्या मुस्लिम भावाचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह कियामतीच्या दिवशी झाकील, अशी हदीस आहे ना? निश्चितच आहे. परंतु ती त्या दोषांविषयी आहे, जे मनुष्य आणि त्याचा पालनकर्ता यांच्यामध्ये आहेत. पुतण्या घरात बसून गांजा ओढत असता, तर चव्हाट्यावर न नेता त्याला समजावणे, उपचाराला नेणे हेच आपले कर्तव्य होते. रस्त्यावर पडलेल्या वृद्धाचा हक्क मात्र झाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तो हक्क आपला नाहीच. चुकून झालेल्या हत्येवरही कुरआनने रक्तमूल्य आणि प्रायश्चित्त ठेवले आहे (4:92). मग जाणूनबुजून शुद्ध घालवून वाहनावर बसणाऱ्याने केवळ 'चूक झाली' म्हणून सुटावे काय?

सूरह निसामध्ये (4:135) श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहण्याची आणि स्वतःच्या, आईवडिलांच्या व आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी अल्लाहसाठी साक्ष देण्याची आज्ञा आहे. 'आपल्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिले जाते, त्यात आपणच भर का घालावी?' असे कोणी म्हणेल. ही वेदना खरी आहे. परंतु या आज्ञेत तिच्यासाठी अपवाद नाही. जुल्मी भावालाही मदत करा, आणि त्याला जुल्मापासून रोखणे हीच त्याची मदत, असे पैगंबरांनी (स.) शिकवले. पुतण्याला आज वाचवले, तर उद्या तो पुन्हा तसाच वाहनावर बसेल.

या न्यायाला दुसरी बाजूही आहे आणि ती तितकीच कठोर आहे. मुलाने जे पाहिले तेवढेच सांगावे. 'तो नेहमीच नशेत असतो' असे ऐकीव वाक्य त्यात मिसळू नये. कुरआनने संशय-कुशंकांपासून दूर राहण्यास सांगितले आहे (49:12). एक मनुष्य स्वतः गुन्हा कबूल करीत आला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याने मद्य प्यायले आहे काय, अशी विचारणा केली आणि एकाने त्याचे तोंड हुंगून पाहिले, असा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. कबुलीचीही अशी पारख झाली! पुढे हनफी व शाफई विधिज्ञांनी केवळ तोंडाचा वास मद्यपानाच्या शिक्षेस पुरेसा मानला नाही. मालिकी विधिज्ञांनी मानला. वास येणे आणि प्यालेला असणे यांतील अंतर आपल्या विद्वानांनी इतके जपले. लघवीत अवशेष सापडणे आणि त्या क्षणी नशेत असणे यांतील अंतरही तसेच जपले पाहिजे. गांजा ओढण्याचे पाप ज्याने केले, त्याच्यावर न केलेल्या अपराधाचा बोजा टाकणे हाही जुल्मच आहे.

आणि या सर्वांआधी एक क्षण येतो: निघताना वाहनाची किल्ली काढून घेण्याचा. तो क्षण मुलाच्या हातातून निसटला. आता त्याच्याजवळ त्याची साक्ष उरली आहे. पिता म्हणून तुम्ही त्याचा हात धरून पोलीस अधिकाऱ्याकडे न्यावे आणि तशीच माया ठेवून पुतण्याच्या पाठीशीही उभे राहावे, वकील द्यावा, उपचार करावेत, जखमी वृद्धाच्या घरी जाऊन क्षमा मागावी. यांत परस्परविरोध नाही. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांना जाब विचारला जाईल, असे कुरआन सांगतो (17:36). यंत्राने शून्य दाखवले, हे उत्तर त्या दिवशी चालणार नाही.

अल्लाह आपणां सर्वांस सत्य सांगण्याचे धैर्य आणि न्यायाने सांगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.