माकडाला खाऊ घालणे : दान की हिंसा?



धम्मदीक्षेनंतर आपल्या घरातून नवस गेले, अंगारे-धुपारे गेले, कोंबड्या-बकऱ्यांचा बळी मागणाऱ्या जत्राही गेल्या. परंतु रोजच्या कष्टातून एखादा दिवस मोकळ्या हवेत मुलाबाळांसह काढावा, ही माणसाची गरज गेलेली नाही. ती जावी असे धम्म सांगतही नाही. म्हणून मुंबई-ठाण्याकडील आपली कितीतरी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जातात आणि तेथून कान्हेरीची लेणी चढतात. हे योग्यच आहे. मात्र जत्रेत काय करायचे ते रूढी सांगत असे. सहलीत सांगणारा कोणी नाही. तेथे आपले शील आणि आपली प्रज्ञा हेच आपले वाटाडे होत.

आता एक साधा प्रसंग घ्या. लेण्यांच्या वाटेवर माकडे येऊन बसतात. मूल हातातले केळे पुढे करते. आई कौतुकाने म्हणते, "दे बाळ, मुक्या जीवाला घास दिला की पुण्य लागते." हे दान झाले काय?

हेतू चांगला आहे, हे उघड आहे. पण हेतू चांगला असला की कृत्यही चांगले, असे भगवान बुद्धांनी शिकविलेले नाही. दान ही पारमिता आहे खरी, परंतु प्रत्येक पारमितेच्या पाठीशी प्रज्ञा हवी. म्हणून आपल्या घासाचे पुढे काय होते, ते डोळे उघडे ठेवून पाहा. माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागलेले माकड झाडपाला आणि रानफळे शोधण्याऐवजी रस्त्यावर येऊन बसते. उद्या ते दुसऱ्याच्या मुलाच्या हातची पिशवी ओढते, चावा घेते आणि लोकांचे दगड खाते. उरलेले खरकटे तेथेच पडते. खरकट्यावर भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबळ्या वस्तीच्या कडेला येतो. या जंगलात वारली आदिवासींचे पाडे आहेत. बिबळ्याचे भय सहलीला आलेल्यांना नाही, कारण ते सायंकाळी गाडीने घरी परततात. भय त्या पाड्यावरच्या लेकरांना आहे. पुण्य आपल्या पदरी आणि धोका दुसऱ्याच्या दारी, याला दान म्हणावे काय?

मग खरे दान कोणते? त्याचे उत्तर कान्हेरीच्या कातळातच कोरलेले आहे. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांजवळ पावसाचे पाणी साठविण्यासाठी खोदलेली टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. त्यांतील एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिली. तो राजा नव्हता, कारागीर होता. कोणाला पाणी लागते, ते कोठून येईल आणि कसे टिकेल, याचा विचार त्या दानात आहे. घेणाऱ्याला त्याने लाचार केले नाही. म्हणूनच सुमारे दोन हजार वर्षांनंतरही ते दान आपल्याला पाहावयास मिळते. केळे देऊन पुढे चालू लागणारा आपल्या मनाचे समाधान करतो. पोढी देणारा दुसऱ्याची गरज जाणतो.

कोणी म्हणेल, "हे करू नका, ते करू नका, असे नियमच सांगायचे तर जुन्या धर्माने काय वाईट केले होते?" प्रश्न रास्त आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे स्पष्ट केले आहे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करावयास लावते. उद्यानातली पाटी नियम सांगते. पाटी नसतानाही जो केळे पिशवीत ठेवतो आणि खरकटे घरी नेतो, त्याने तत्त्व जाणले. करुणा ही मानवापुरती, मैत्री मात्र सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते, हेही बाबासाहेबांनीच सांगितले. मैत्री म्हणजे लाड नव्हे. दुसऱ्याला त्याच्या रीतीने जगू देणे हीही मैत्रीच.

दुसरा कोणी म्हणेल, "पिढ्यान् पिढ्या आम्हांला कोठे पाऊल टाकू दिले नाही. आता एक दिवस मौज केली, तर तिचाही हिशेब द्यायचा काय?" बांधवांनो, हे दुःख खरे आहे. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते समतेचा हक्क सिद्ध करण्यासाठी. ज्यांनी पाण्यासाठी लढा दिला, त्यांना पाण्याची किंमत इतरांहून अधिक ठाऊक असली पाहिजे. याच जंगलाच्या हद्दीत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत आणि मुंबई त्यांचे पाणी पिते. आणखीही एक गोष्ट विसरू नका. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने येथील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि पुढील काही वर्षांत हजारो गरिबांच्या झोपड्या येथून उठल्या. ज्या जंगलासाठी गरिबांना छप्पर गमवावे लागले, तेथे सहलीला जाऊन आपण उकिरडा करावा काय?

तेव्हा सहलीला अवश्य जा. मुलांना बिबळ्याची, माकडांची आणि झाडांची ओळख करून द्या. चैत्यगृहासमोर घटकाभर शांत बसा आणि सोनाराच्या पोढीची गोष्ट त्यांना सांगा. मुलाने माकडापुढे हात केला, तर त्याच्यावर ओरडू नका. "तू दिल्यावर पुढे काय होईल?" एवढेच विचारा आणि उत्तर त्याला शोधू द्या. दान करण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय ज्या घराला लागली, त्या घरात धम्म रुजला असे समजावे.