झाकण्याआधी थोडं बसू

पडवीच्या पायरीवर बसा. रोहिणी लागून चार दिवस झालेत. राब भाजून झालेत, शेतात त्यांचे काळे चौकोन पडलेत. गोरखगड-मच्छिंद्रगडाच्या सुळक्यांमागे दुपारपासून ढग दाटून राहिलाय, तो आज उतरेल किंवा उतरणारही नाही. मुरबाडात या दिवसांत सगळे धावपळीतच असतात. पण झाकाझाक घाईने केली की चुकते, हे मी नुकसान करून घेऊन शिकलोय. म्हणून दहा मिनिटं बसा.

समोर अंगण आहे. उघड्यावर काय काय पडलंय ते नुसतं डोळ्यांनी मोजा, उचलू नका. भात झोडायचं मशीन. भेंडी-काकडीला पाणी देणारं डिझेल इंजिन, जे डिसेंबरपासून नदीकाठी होतं आणि परवा टेम्पोतून घरी आलं. काळ्या पाइपांची वेटोळी. ट्रॉली. पेंढा. सरपण. पॉवर टिलर मोजू नका; त्याचे कामाचे दिवस आत्ता कुठे सुरू होणार, चिखलणी संपेपर्यंत तो रोज भिजणार. त्याला रोज धुतलं आणि वंगण दिलं की झालं.

आता एकेका वस्तूजवळ मनाने जा आणि तिला विचारा, तुला कशाची भीती आहे?

उत्तरं सारखी येणार नाहीत. पाइपाला पावसाचं काही वाटत नाही, त्याला उन्हाची भीती. पेंढ्याला वरच्या पाण्याइतकीच आतल्या वाफेची भीती. मशीनच्या पट्ट्याला उंदराची. तो पट्टा काढून घरात खुंटीवर टांगला की ती भीती संपली, त्याला झाकण नको. ट्रॉलीच्या लोखंडाला रंगाचा हात दिलेला असेल तर ती चार महिने भिजली तरी तक्रार करत नाही. राहता राहिलं इंजिन आणि मशीनची बेअरिंगं. पेंढा-सरपण सोडलं तर खरं झाकायचं ते एवढंच आहे. अंगणभर ताडपत्र्या पसरायच्या होत्या, आता बहुतेक एकीतच भागेल.

श्वास सोडा. पुढचा प्रश्न जरा सावकाश घ्या. पाणी कुठून येतं?

वरून येतं, हे सांगायला नको. दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा हा मुलूख. बाजूनेही येतं. जून-जुलैत पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवी झड येते आणि घराची ती भिंत महिनाभर वाळत नाही. दसऱ्याच्या आसपास पावसाचा रोख फिरतो. तेव्हाचा गडगडाटी पाऊस दुपारनंतर घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. जूनमध्ये पश्चिमेला घट्ट बांधलेली ताडपत्री ऑक्टोबरात पाठीमागून उघडी पडते ती त्यामुळे. खालूनही पाणी येतं. मातीवर ठेवलेलं लोखंड जमिनीची ओल तळातून ओढत राहतं, आणि ही ओल अडवायला सगळ्यात महाग ताडपत्रीसुद्धा कामाची नाही. तिथे चार विटा आणि दोन फळ्या लागतात.

चौथी वाट उरली. इथे जरा थांबा, कारण मी इथेच फसलो होतो.

एका वर्षी नवीन इंजिन घेतलं होतं. नव्याचा लाड. जाड प्लास्टिक आणून ते खालून-वरून असं गुंडाळलं की मुंगी शिरणार नाही. वरून नायलॉनच्या दोरीचे सात वेढे. शेजारची म्हातारी आजी खाटेवरून बघत होती. म्हणाली, "बाळंतिणीला पन येवढी कोन बांधीत नाय रं." मी हसलो. गणपती गेल्यावर दोरी सोडली तर प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंबच थेंब, डाळ शिजताना झाकणाला असतात तसे. फ्लायव्हीलवर तांबूस लव आली होती, बोट लावलं की बोटाला येत होती. बाहेरच्या पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता. आत होती ती मीच कोंडलेली हवा.

आषाढातल्या हवेत पाणी भरलेलंच असतं. रात्री लोखंडाचा ठोकळा गार होतो, सकाळी हवा लवकर कोमट होते आणि ठोकळा गारच राहतो. मग हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं. लोखंडाला घाम येतो म्हणा. वारा असेल तर तो घाम दुपारपर्यंत उडतो. गुंडाळलेलं असेल तर तिथेच राहतो, आणि पाणी व हवा दोन्ही जवळ असली की गंजाला आणखी काही लागत नाही.

डोळे मिटा आणि जुनं घर आठवा. तुमचं नसेल तर आजोळचं, कोणाचंही. कारवीच्या कुडाची भिंत, शेणामातीने लिंपलेली. पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्यापुरती बांधलेली पेंढ्याची नाहीतर पानांची झडी. ती भिंतीला चिकटून कधीच नसायची. मध्ये हात जाईल एवढी फट असायची, त्या फटीत कोंबड्या बसायच्या. आवणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं आठवा, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. ते पाठीवर छपरासारखं असायचं, खालून वारा खेळता. आता त्याजागी प्लास्टिकची खोळ आली. ती हलकी आहे, स्वस्त आहे, आणि तिच्याखाली माणूस बाहेरून कोरडा नि आतून घामाने चिंब होतो. म्हसा गावच्या जत्रेत पौषात जी घोंगडी लोक आजही हाताने चाचपून घेतात, ती तर पाणी थेट अडवतही नाही. भिजते, जड होते, तरी खालचा माणूस उबदार राहतो. जुनं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. दरवर्षी शाकारणी करणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. पण त्या लोकांनी झाकलेल्या वस्तूला श्वास ठेवला होता.

आता बाजारात जाऊ. मनानेच.

दुकानात निळ्या, पिवळ्या, काळ्या घड्या रचलेल्या आहेत. दुकानदार म्हणेल, "दोनशे जीएसएम आहे, पाच वर्षं बघायला नको." जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, दुसरं काही नाही. आणि वजन म्हटलं की ते तपासता येतं. अठरा बाय चोवीस फुटांची ताडपत्री म्हणजे ४३२ चौरस फूट, साधारण ४० चौरस मीटर. दोनशेची असेल तर घडी आठ किलोच्या आसपास भरली पाहिजे. पाच किलोच्या आत भरली तर ती एकशेवीसची आहे. दुकानात काटा असतोच, ठेवून बघा. मापही फीत लावून मोजा, कारण कापडाचं माप आणि कडा दुमडून शिवल्यानंतरचं माप यांत फूटभराचा फरक सहज पडतो. विणलेल्या पॉलिथिलीनच्या ताडपत्र्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ७९०३ हे मानक आहे. तो आकडा छापलेला दिसला तर बरंच.

मग कडेला हात लावा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ताडपत्री मधोमध क्वचित फाटते, ती कडीपाशी फाटते. दुमडीच्या आत दोरी घातली आहे का? कडी ॲल्युमिनियमची आहे की रंग दिलेल्या पत्र्याची? दोन कड्यांत तीन फुटांचं अंतर असलं तर मधला भाग वाऱ्यात फडफडणार, आणि फडफड ही पावसापेक्षा वाईट. रात्रभर फट् फट् वाजणारी ताडपत्री स्वतःलाच झिजवत असते.

ऊन तिचा दुसरा वैरी. पावसासाठी घेतलेली ताडपत्री बहुधा उन्हानेच मरते. एप्रिल-मेमध्ये उगाच अंगणात पडून राहिली की तिचे धागे ठिसूळ होतात, हात फिरवला तर भुकटी हाताला लागते. म्हणून यूव्ही प्रक्रिया केलेली घ्यावी. काळी बहुतेकदा जास्त टिकते, कारण तिच्यात घातलेला कार्बन ब्लॅक, म्हणजे एक जातीची काजळीच, ऊन स्वतःवर घेतो. सुती कॅनव्हास मिळाला आणि परवडला तर इंजिनावर तो सगळ्यात बरा, त्यातून वाफ बाहेर पडते. मात्र तो ओला घडी घातला तर आठवड्यात कुजतो. आणि चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स? पेंढ्यावर एक पावसाळा निघतो. पुढच्या उन्हाळ्यात शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांना तडे जातात.

अंगणात परत या.

इंजिन विटांवर, फळ्यांवर. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा पालथा. फ्लायव्हील हाताने फिरवा आणि जड लागेल तिथे, कॉम्प्रेशनला, थांबवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि ओली हवा सिलिंडरमध्ये जात नाही. उघड्या लोखंडाला ऑइलचा फडका. जिथे कोपरा टोचेल तिथे जुनं बारदान. मग चार खांब, मधला आडवा वासा उंच, आणि त्यावर ताडपत्री उतरती, वासरू शिरेल एवढी मोकळी. सपाट बांधली की पोटात पाणी साचतं, आणि एका रात्रीत तिथे दोन माणसांचं वजन लोंबतं.

हे करत असताना मनात घाई येईल. येऊ द्या. २०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत शिरला होता, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी, आणि इकडे कित्येकांची कौलं चाळायची राहिली होती. २०१९ ला उलट झालं. ऑक्टोबर संपत आला तरी 'क्यार' वादळाच्या दिवसांत पाऊस हटेना, कापलेलं भात शेतातच पाण्यात पडलं. ज्यांनी ओले भारे घाईने गोळा करून प्लास्टिकखाली दाबले, त्यांच्या ढिगात हात घातला तर गरम लागायचं, आणि लोंब्यांना कोंब फुटले होते. झाकलं नसतं तर वाचलं असतं असंही नाही. तेव्हा काय करायला हवं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शेवटची दोरी. नायलॉनची गाठ ओली झाली की सरकते, म्हणून दोन वेढे जास्त. पश्चिमेची कड खाली ओढा. पूर्वेची वीतभर उघडी ठेवा. ती नवरात्रात खाली येईल आणि पश्चिमेची वर जाईल. एकदा आत डोकं घालून बघा. अंधार आहे, डिझेलचा वास आहे, आणि गालाला थोडा वारा लागतोय.

या, पायरीवर बसा पुन्हा. सुळके दिसेनासे झालेत. वाऱ्याला मातीचा वास आलाय. पहिले थेंब कौलांवर पडतात, मग ताडपत्रीवर; दोन्हींचा आवाज वेगळा. उघड्या ठेवलेल्या त्या वीतभर फटीतून शेजारच्यांची तपकिरी कोंबडी मान खाली घालून आत शिरली. इंजिनाच्या डोक्यावर बसेल आता. शिटेल. सकाळी पुसू.