मेथीची गाठ

बाजारातून आणलेली मेथीची जुडी पुढ्यात घ्या. निवडायची घाई नको. आधी मुळं बघा, एरवी जी आपण सरळ कचऱ्यात टाकतो.

मुळावर मोहरीएवढी गाठ शोधा. उपटताना बऱ्याच मातीतच राहतात, पण एखादी सापडते. ती नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर थोडं थांबा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलंच ते द्रव्य. या गाठीत रायझोबियम जिवाणूंचं बिऱ्हाड आहे. मेथी त्यांना साखर देते, ते मेथीला नत्र.

आता सावकाश श्वास घ्या. छातीत गेलेल्या हवेत 78 टक्के नत्र होता. गेला तसा बाहेर आला. पानालाही तो थेट घेता येत नाही. युरियासाठी हाच नत्र पकडायला कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीत तेच काम गार, ओल्या मातीत चालतं.  एखाद्या गॅलरीतल्या कुंडीतही ते चालेल. मात्र युरिया मुबलक घातला, की मेथी गाठी धरायचा कंटाळा करते.

पालक-शेपूला अशा गाठी नसतात. त्यांच्या मुळांभोवती अ‍ॅझोटोबॅक्टर हा नत्र धरणारा जिवाणू मोकळा राहतो, पीएसबी जिवाणू मातीत अडकलेला स्फुरद सोडवतात. शेणखत पालकाला घातलं असं आपण म्हणतो. खरं तर पहिली पंगत या मंडळींची, पालक नंतर बसतो. म्हणून नुसतं पाकिटातलं जिवाणूंचं कल्चर आणून भागत नाही. शेणखत किंवा गांडूळ खत हवंच.

मी एकदा कल्चर गरम गुळाच्या पाण्यात कालवलं. जिवाणू मेले असणार, कारण त्या वाफ्यातल्या मेथीला गाठीच नव्हत्या. पाणी पूर्ण निवू द्या. बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, कल्चर शेवटी. पाकिटावरची मुदत वाचा आणि पिकाचं नाव सांगूनच मागा: हरभऱ्याचं रायझोबियम मेथीला चालत नाही, लसूणघासाचं चालतं.

जुडी निवडून झाली? मुळं कुंडीत पुरा. त्याच मातीत पुढची मेथी पेरा, महिन्याभरात उपटायला येईल.