घडविणाऱ्याचे नाव

समई प्रथम कोणी घडविली, किंवा पाट्यावरवंट्याला तो आकार कोणी दिला, याची चौकशी करीत कोणी बसत नाही. अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत येत गेल्या आणि ज्यांनी त्या वापरल्या त्या सर्वांच्या झाल्या. परंतु जिच्या जन्माचे साल, गाव, कारखाना आणि कागदपत्र ही सर्व उपलब्ध आहेत, अशा वस्तूच्या बाबतीतही घडविणाऱ्याचे नाव लोपावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी खरी.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात टेरे हॉट नावाचे एक मध्यम शहर आहे. कोकाकोलाच्या बाटलीचे हे जन्मस्थान. तेथील स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात या बाटलीच्या जन्मकथेला वाहिलेला एक भाग आहे. तो पाहण्याचा योग आम्हांस आला तेव्हा प्रथम थोडे हसूच आले. काचेच्या कपाटात काचेची रिकामी बाटली, आणि तिच्याभोवती देवदर्शनाला उभी राहावीत तशी माणसे! पण तेथील कथा जसजशी कळत गेली तसतसे ते हसू मावळले.

१९१५ साली कोकाकोलाच्या मंडळींपुढे नकली पेयांचे संकट होते. साऱ्याच पेयांच्या बाटल्या सरळ उभ्या अंगाच्या, त्यामुळे चिठ्ठी निघाली की अस्सल कोणते व नक्कल कोणती हे ओळखू येत नसे. तेव्हा काच कारखान्यांना आवाहन झाले, की अंधारात हात लावताच ओळखू येईल, एवढेच नव्हे तर फुटून जमिनीवर पडली असताही तुकड्यांवरून ओळखता येईल, अशी बाटली घडवून द्यावी. टेरे हॉटच्या रूट ग्लास कंपनीने हे आव्हान स्वीकारले. त्या कारखान्यात अर्ल डीन नावाचा साचे कोरणारा एक कारागीर होता. कोका व कोला या वनस्पतींची चित्रे शोधण्यासाठी तो एका सहकाऱ्यासह गावच्या ग्रंथालयात गेला. हवी होती ती चित्रे काही मिळाली नाहीत. मिळाले ते विश्वकोशातील कोकोच्या फळाचे चित्र. त्या फळाचा या पेयाशी काडीचाही संबंध नाही. परंतु त्याचे फुगीर पोट आणि अंगावरच्या उभ्या शिरा डीनच्या डोळ्यांत भरल्या. त्याने चित्र काढले, साचा कोरला, आणि उन्हाळ्याच्या सुटीसाठी भट्टी विझण्यापूर्वी थोड्याशा बाटल्या काढून घेतल्या. पहिल्या बाटलीचे पोट इतके मोठे होते की यंत्राच्या पट्ट्यावर ती कोलमडे. पुढे ते कमी करण्यात आले आणि आज आपण पाहतो ती आकृती निघाली.

१६ नोव्हेंबर १९१५ रोजी या आकृतीचे पेटंट मिळाले. ते कोणाच्या नावे? कारखान्याचे देखरेखदार अलेक्झांडर सॅम्युएलसन यांच्या. पुढे तर रेमंड लोवी नावाच्या विख्यात आकृतिकारानेच ही बाटली घडविली, असा समज कित्येक वर्षे रूढ होता. वास्तविक त्यांचा संबंध आला तो १९५५ च्या सुमारास, मोठ्या आकाराच्या बाटल्या निघाल्या तेव्हा. म्हणजे एक श्रेय कागदाने नेले, दुसरे कीर्तीने नेले. डीनला बक्षीस म्हणून पाचशे डॉलर किंवा जन्मभराची नोकरी यांतून एक निवडण्यास सांगितले व त्याने नोकरी निवडली, असे सांगितले जाते. आमच्यासारख्या वकिलास यात बेकायदा काहीच दिसत नाही. पगारी मनुष्याने मालकाच्या वेळात, मालकाच्या भट्टीवर, मालकाच्या कामासाठी केलेली वस्तू मालकाची. यात तक्रारीस जागा कोठे?

अशीच गोष्ट गेल्या काही दिवसांत आमच्या कचेरीतही येऊन ठाकली, म्हणून हा विषय मनात घोळत राहिला. इंदूरला खजराना गणपतीच्या वाटेवर मिठाईचे दुकान असलेले एक मराठी गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनी एका ओताऱ्याकडून मोदकाचा नवा पितळी साचा करविला होता. त्यातून निघणाऱ्या मोदकाच्या कळीला गजाननाच्या सोंडेचे वळण येई, आणि ते इतके नेमके होते की पाहताक्षणी हात जोडावेसे वाटत. शेजारच्याने नक्कल करण्यापूर्वी आकृती नोंदवावी, अशी त्यांची इच्छा. नेहमीच्या मोदकाच्या आकारावर कोणास हक्क सांगता येत नाही, हे आम्ही त्यांस प्रथमच सांगितले. ही नवी सोंड मात्र नोंदण्याजोगी होती. २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली दहा वर्षे व वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे असे संरक्षण मिळते. अर्जात नाव लागते ते मालकाचे; आणि घडविणाऱ्याने मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काम केले असेल तर ज्याच्यासाठी केले तोच मालक, अशी व्याख्या त्याच कायद्यात आहे. तेव्हा ओताऱ्याचे नाव अर्जात येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

येथे कायद्याची एक मौज वाचकांनी ध्यानात घ्यावी. हाच मनुष्य ओतारी नसून कवी असता, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम त्याच्या पाठीशी उभे राहिले असते. सर्व हक्क विकून टाकले तरी ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याजवळ उरतो, असे ते कलम सांगते. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले तेव्हा शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी याच कलमाच्या आधारे दाद मागितली, आणि २००५ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. यंत्र शोधून काढणाऱ्यालाही पेटंटवर आपले नाव शोधक म्हणून लिहवून घेता येते. मग साचा कोरणाऱ्यानेच कोणते पाप केले? मोबदल्याने श्रम विकत घेता येतात, वस्तू विकत घेता येते, तिच्यापासून होणारा लाभही घेता येतो. पण ‘हे मी केले’ ही घटना आहे. ती मालमत्ता नव्हे. घडलेली गोष्ट विकत कशी घेणार?

यावर आमच्या समाजातील जाणती मंडळी म्हणतील, की आपल्या परंपरेत कारागिराने नावाचा हव्यास धरलाच नाही. देवळे बांधली आणि बांधणारे विस्मृतीत गेले, यातच त्यांची थोरवी. हे म्हणणे ऐकायला गोड आहे, आणि ते बरेचदा देवळाच्या पाटीवर स्वतःचे नाव देणाऱ्याच्याच तोंडी आढळते. शिवाय ते पूर्ण खरेही नाही. १११७ साली होयसळ राजा विष्णुवर्धनाने बेलूरचे चेन्नकेशव मंदिर उभारले. तेथील मूर्तींखाली बळ्ळिगावेच्या दासोजाचे व त्याचा पुत्र चावण याचे नाव कोरलेले आहे. देवासमोर स्वतःचे नाव लिहिणे त्या बापलेकांस उद्धटपणाचे वाटले नाही, आणि राजासही ते खटकले नाही.

निनावीपणा मात्र खरोखर थोर असू शकतो, आणि त्याचे उदाहरण खजराना येथेच आहे. अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेल्या या मंदिराच्या मागच्या भिंतीवर भाविक उलटे स्वस्तिक काढतात व नवस बोलतात. इच्छा सफल झाली की येऊन सुलटे स्वस्तिक काढून जातात. तेथे कोणते स्वस्तिक कोणाचे हे कोणी विचारीत नाही. काढणाऱ्यानेच नाव मागे ठेवलेले असते. ते कोणी काढून घेतलेले नसते. समजा, त्यांतील एका स्वस्तिकाखाली कोणी तिसऱ्यानेच आपली सही ठोकून दिली, तर काढणाऱ्यास राग येईल की नाही? आपले नाव आपण सोडणे हा त्याग. दुसऱ्याने तेथे स्वतःचे नाव घालणे याला त्याग म्हणत नाहीत. सॅम्युएलसनच्या जागी पेटंटवर कोणाचेच नाव नसते, तर डीनची कथा आम्हांस एवढी बोचली नसती.

टेरे हॉटच्या संग्रहालयाविषयी आमचे मत बदलले ते यामुळे. बाटली पाहायला जाणाऱ्यास तेथे डीनचे नाव ऐकू येते. कंपनीचे त्यात काही बिघडले नाही. १९६० साली अमेरिकेत बाटलीची आकृती व्यापारचिन्ह म्हणून नोंदली गेली, आणि व्यापारचिन्हाला वेळोवेळी नूतनीकरण केले की अंत नाही. इंग्लंडात मात्र १९८६ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तीच नोंदणी नाकारली, बाटली हे चिन्ह नसून माल भरण्याचे भांडे आहे म्हणून. तेथेही १९९४ च्या कायद्याने पुढे दार उघडले. हक्काचे भांडण असे शंभर वर्षे चालू शकते. त्यात कारागिराचे नाव सांगितल्याने कोणाच्या हक्काला धक्का लागल्याचे आम्हांस तरी आढळले नाही.

हे सारे आम्ही त्या मिठाईवाल्या गृहस्थांस सांगितले व सुचविले, की अर्ज आपल्या नावे जाऊ द्या, पण मोदकाच्या पेटीवर साचा कोरणाऱ्याचे नाव एका ओळीत छापा. ते चटकन म्हणाले, “वकीलसाहेब, नाव छापले की उद्या सगळे हलवाई त्याच्याच दारात उभे राहतील. मग माझा साचा तो माझा कसा राहील?” ही भीती काही खोटी नव्हे. नोंदलेली आकृती दुसऱ्यास देता येणार नाही, हे आम्ही समजावून दिले. परंतु तो ओतारी दुसऱ्यासाठी दुसरी, कदाचित हिच्याहून सुंदर आकृती कोरील, हे नाकारता येत नव्हते. आम्ही म्हटले, “त्याच्या हाती कला आहे ती आपल्याकडे गहाण थोडीच पडली आहे?” त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. अर्जावर सही करून झाली, साचा रुमालात गुंडाळून झाला, आणि दारापर्यंत गेल्यावर त्यांनी वळून विचारले, की पेटीच्या आतल्या बाजूस एक ओळ छापायची तर छापखानेवाला वेगळे पैसे घेतो काय.