खतपत्रे आणि मुक्ती

तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग वारकरी परंपरेने फार जिव्हाळ्याने जपला आहे. घरात सावकारी होती, दुष्काळाने माणसे नागवली होती आणि ज्यांच्या चुलीत विस्तव नव्हता त्यांच्याच नावाची खते याच घरी बांधून ठेवलेली होती. तेव्हा धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांच्या हाती देऊन आपल्या वाट्याची सारी खतपत्रे तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली. हा प्रसंग आपण वैराग्याचा म्हणून ऐकतो, आणि तो वैराग्याचा आहेच. पण सज्जनहो, त्या दिवशी मुक्ती एकट्या तुकोबांना मिळाली नाही. त्या कागदांवर ज्यांची नावे होती, ज्यांनी कदाचित कधी मोक्ष मागितलाही नव्हता, त्यांची मानही त्याच क्षणी मोकळी झाली. एकाचा परमार्थ आणि दुसऱ्याची सुटका तिथे एकाच पाण्यात मिळाली, आणि मुक्तीचा हा दुसरा अर्थ मला वर्षानुवर्षे सोडत नाही.

माणसांचा व्यापार म्हटले की काशीच्या बाजारात तारामतीला, रोहिदासाला आणि शेवटी स्वतःला विकणारा हरिश्चंद्र आठवतो, नाहीतर मुलींना फसवून जिथे नेतात ती महानगरातली गल्ली आठवते. तो व्यापार आजही आहे आणि भीषण आहे. पण आपल्या रायगड, ठाणे, पालघरच्या डोंगरांतून माणूस विकला जातो तो बहुधा बोली न लावता, भरल्या पावसात, दारात बसून. लावणी आटोपलेली असते, हाताला काम नसते, घरातले धान्य संपलेले असते. अशा वेळी वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा माणूस कातकरी आदिवासींच्या वाडीवर येतो आणि बयाणा म्हणून काही हजार रुपये हातावर ठेवतो. दिवाळीनंतर नवरा, बायको, पोरे, सगळे घर भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते, तिच्यात तांदूळ-मीठ भागते, आणि किती विटा पाडल्या याची नोंद मालकाच्या वहीत होते, जी वही यांना वाचता येत नाही. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा कळते की बयाणा फिटलेला नाही, उलट ‘अजून तुझ्याच अंगावर निघतात’. बयाण्याची उचल घेणे हा गुन्हा नव्हे. पण जिच्यापायी दुसरीकडे कामाला जाता येत नाही, आजारी बाईला गावी नेता येत नाही, ती उचल राहत नाही, ते बंधन होते, आणि मुक्तीचा प्रश्न तिथे उभा राहतो. २०२२ साली तर इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले मेंढ्या राखण्यासाठी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात धाडल्याचे उघडकीस आले, आईबापांच्या पदरी काही हजार रुपये आणि कुठे एखादी मेंढी टाकून. आणि हे उघडकीस आले ते त्यांतली एक मुलगी दगावली तेव्हा.

आता याच्याही आत जाऊ. या माणसाला भट्टीवर कोण धरून ठेवते? दाराला कुलूप क्वचितच असते. मारहाण असते, धमकी असते, पण पुष्कळदा तीही लागत नाही. त्याला धरून ठेवते ते त्याचेच सत्त्व: घेतले ते फेडले पाहिजे, खाल्ल्या मिठाला जागले पाहिजे. ज्या श्रद्धेने हरिश्चंद्राने राज्य सोडले तीच श्रद्धा या अडाणी, भुकेल्या माणसाच्या ठायी शाबूत आहे, आणि सौदागर नेमका तिचाच दोर वळतो. लबाड माणूस बयाणा बुडवून केव्हाच पळाला असता. म्हणून या मुक्तीची पहिली पायरी त्या माणसाच्या मनातली आहे: हे ऋण ऋणच नव्हे, हे कोणीतरी त्याला विश्वासाने सांगितले पाहिजे.

आणि हे सांगायला आपल्यामागे साक्षात राज्यघटना उभी आहे. तिच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच वाक्यात निषिद्ध ठरवली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे प्रत्येक कर्ज रद्दबातल केले, ते कर्ज बंधनाचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला, आणि रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे घेणे हाच तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. इंद्रायणीत एका संताने खतांचे जे केले ते इथे कायद्याने देशभरातल्या वह्यांचे केले. ‘तो राजीखुशीने आला होता’ ही सबबही टिकत नाही. धाक, फसवणूक किंवा आमिष दाखवून माणूस नेला असेल तर त्याची संमती भारतीय न्याय संहितेचे १४३ वे कलम मोजतच नाही. अर्थात कायद्याच्याही आधी ही मुक्ती माणसांनी मिळवून दाखवली आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराचे लग्नगडी होत, ती प्रथा १९४५ साली कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांबरोबर उभ्या राहिलेल्या वारली आदिवासींनी मोडली. पुढे विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने ठाणे-पालघरच्या त्याच मुलखात वेठबिगार सोडवले.

पण सोडवले म्हणजे मुक्ती झाली का? टेम्पोतून वाडीवर आणून सोडलेले कुटुंब, ज्याच्या घरात दाणा नाही, पुढच्या पावसात पुन्हा कोणाच्या तरी बयाण्याला हात पुढे करते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच बजावले की पुनर्वसनावाचून सुटका अपुरी आहे. म्हणून माणूस वेठबिगारीतून सुटला असा सरकारी मुक्ततेचा दाखला हातात पडेपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. पुनर्वसनाची रक्कम, जी २०१६ च्या योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख आणि स्त्रिया-मुलांना दोन लाख अशी ठरली, त्या दाखल्यावाचून मिळत नाही. तुकोबांना कागद बुडवावे लागले. आपल्याला कागद करवून घ्यावा लागतो, आणि हेही तितकेच पारमार्थिक काम आहे असे मी मानतो.

तर आपण काय करावे? दयाळू मनाला पहिल्यांदा सुचते ते हे, की बयाणा आपण फेडू आणि माणूस सोडवू. हा मोह आवरावा. ते पैसे दिले की विक्री खरी ठरते, आणि मालकाला पुढच्या माणसाचे भांडवल मिळते. तुकोबांनी कोणाचे कर्ज फेडले नव्हते, खत बुडवले होते. भट्टीवर जाऊन भांडूही नये, कारण रातोरात कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात हलवले जाते. शांतपणे जाणून घ्यावे: कुठल्या गावची माणसे, किती घरे, किती बयाणा, बाजाराला एकटे जाऊ देतात का, मुले राबतात का. आणि ते जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदाराला लेखी द्यावे, पोच घ्यावी. मूल राबताना दिसले तर १०९८ ला, जिवाला धोका असेल तर ११२ ला फोन करावा. तिथली बाई आपल्याशी बोलताना वारंवार मुकादमाकडे पाहत असेल, तर तिला तिथे अधिक विचारू नये. नंतर त्याचा जाब तिलाच द्यावा लागतो.

आणि ज्यांच्या गावाजवळ वाडी आहे त्यांनी भट्टीची वाटच पाहू नये. मुक्तीचे काम आषाढातले आहे, बयाणा येण्याआधीचे. कुणाकडे रेशनकार्ड आहे, कुणाकडे जातीचा दाखला नाही, रोजगार हमीचे काम कुणी मागितले आहे, हे ज्येष्ठातच घरोघर विचारून घ्यावे. आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याबरोबर तहसील कचेरीत स्वतः जावे. एकट्या कातकऱ्याला तिथे ‘उद्या ये’ ऐकून परतावे लागते, मजुरी बुडते आणि तो पुन्हा जात नाही. बरोबर गावातले कोणी उभे असले की अर्ज घेतला जातो.