अधिकार कोणाचा?

वारकऱ्यांच्या मासिकात शासनाच्या संकेतस्थळाची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. पण यातला प्रश्न जुनाच आहे. शास्त्रात त्यास अधिकारविचार म्हणतात. जैमिनींच्या मीमांसासूत्रांतील सहावा अध्याय या विषयाचाच. यज्ञ कोणी करावा, कोणास त्याचा अधिकार नाही, याची तेथे बारीक छाननी आहे. आणि तीत अंगहीनाचाही प्रश्न येतो. यागात तूप डोळ्यांनी पाहावयाचे असते, त्यास आज्यावेक्षण म्हणतात. विष्णुक्रम नावाची पावले टाकावयाची असतात. आता आंधळा तूप पाहणार कसा? पांगळा पावले टाकणार कशी? ज्याचे व्यंग दूर होण्याजोगे नाही त्यास अशा कर्माचा अधिकार नाही, असे मीमांसक म्हणाले.

निर्णय कठोर खरा. पण वाचकहो, त्यांची अडचण समजून घ्या. त्यांच्या मते वेद अपौरुषेय, कोणा माणसाने केलेला नव्हे. तेव्हा विधीला हात लावण्याची मुभा कोणासच नाही. विधी अढळ, म्हणून माणूस गाळावा लागला. संतांनी मग नामाचे साधन पुढे ठेवले. त्याला डोळा लागत नाही की पाय लागत नाही.

आता शासनाचे संकेतस्थळ घ्या. निराधार अनुदानाचा अर्ज, दाखले, सातबारा, दिव्यांगांचे ओळखपत्रसुद्धा आता तेथूनच. आणि दारातच पुष्कळदा वाकड्यातिकड्या अक्षरांचे एक चित्र असते, त्यास कॅप्चा म्हणतात. ते डोळ्यांनी पाहा, अक्षरे लिहा, मग आत या! हे आज्यावेक्षण नव्हे तर काय? फरक इतकाच, की हा विधी अपौरुषेय नाही. कोण्या कचेरीत बसून माणसांनीच तो केला आहे. तो बदलता येत नाही असे म्हणावयास मीमांसकांना आधार होता, यांना तोही नाही.

अंध मनुष्य संगणक किंवा मोबाईल वापरतो तो ऐकून. पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचणारी आज्ञावली असते. ऑस्ट्रेलियातील दोन अंध मित्रांनी २००६ साली अशी एक आज्ञावली करावयास घेतली आणि ती जगाला फुकट दिली. ती मराठीही वाचते. पण तिला अक्षर लागते. परिपत्रकाच्या कागदाचा नुसता फोटो चढविला, तर तिच्या लेखी तो कोराच. मजकूर युनिकोडात नसून जुन्या फॉन्टात असला, तर ती भलतेच बडबडते. चित्राला दोन शब्दांचे वर्णन जोडले नसले, तर तेथे ती मुकी. धृतराष्ट्राजवळ संजय होता, म्हणून तर गीता सांगितली गेली. जे दिसते ते शब्दांत सांगणे एवढेच संजयाचे काम. प्रत्येक चित्राशेजारी एवढा संजय बसवावा, यात अवघड ते काय? बहिऱ्यासाठी चित्रफितीखाली अक्षरे हवीत, आणि ज्याचा हात थरथरतो त्याला अर्ज भरावयास पुरेसा वेळ हवा. हीही त्याच जातीची कामे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला हे जरा अधिकच लागू आहे. आधार क्रमांक देण्यास २९ सप्टेंबर २०१० रोजी सुरुवात झाली ती याच जिल्ह्यातील टेंभली गावी. तेव्हापासून कागदांची वाट यंत्रातून जाऊ लागली. धडगावच्या डोंगरातून जिल्ह्याच्या कचेरीत यावयाचे म्हणजे डोळस माणसाचाही दिवस मोडतो. ज्याला घाट उतरणे अवघड, त्याला घरबसल्या अर्ज भरता आला तर केवढी सोय! म्हणजे ज्याला या दाराची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ते बंद.

कायदा नाही असे नव्हे. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा माहिती सर्वांस सुगम असावी असे सांगतो. मध्यंतरी एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओळख पटविण्यासाठी यंत्र म्हणे, पापणी लववून दाखवा. आणि समोर ॲसिडच्या हल्ल्यात डोळे गेलेली माणसे! ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की अशा सुविधांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आता कोणी म्हणेल, बुवा, एवढा खटाटोप कशाला? शेजारपाजारी आहेत, सेवा केंद्र आहे, कोणीतरी वाचून दाखवील, त्यालाही पुण्य लागेल. गुलाबराव महाराजांना नाही का इतरांनी ग्रंथ वाचून दाखविले? दाखविले, आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेले महाराज प्रज्ञाचक्षू झाले. वाचणारेही धन्य. पण तेथे ग्रंथ वाचला जात होता. येथे मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक, बँकेचे खाते, आजाराचा दाखला हे सगळे परक्यापुढे उघडे करावयाचे. परक्याने किती पैसे काढले, हे अंधाला कळणार कसे? आणि आम्हांस सेवेचे पुण्य मिळावे म्हणून दुसऱ्याने जन्मभर परावलंबी राहावे, ही कोणती सेवा? मदत मागण्याची मोकळीक हवी. मदतीवाचून चालूच नये, अशी रचना नको.

पैठणचा कूर्मदास आपणां सर्वांच्या परिचयाचा. हात नाहीत, पाय नाहीत, तरी पंढरीच्या ओढीने पोटावर सरपटत निघाला. लहुळपर्यंत आला आणि पुढे जाववेना. पांडुरंगाने त्याला सांगून पाठविले नाही, की कोणाच्या खांद्यावर बसून ये. तोच उठून लहुळास गेला. एरवी विटेवरून न हलणारा देव!

कचेरीतल्या मंडळींस आमची विनंती एवढीच, की नवे पान लोकांपुढे ठेवण्याआधी एखाद्या अंध मनुष्यास रीतसर मानधन देऊन बसवावे आणि त्याच्याकडून सबंध अर्ज भरवून पाहावा. जेथे तो अडेल तेथे खूण करून घ्यावी. मोठी समिती नेमण्यापेक्षा हे लवकर होईल. मराठी जाणणाऱ्यांपुरते तरी यात पुष्कळ साधेल. पण आमच्या सातपुड्यात पावरी आणि भिली बोलणारे दिव्यांगही आहेत. त्यांच्या बोलीत हे यंत्र केव्हा बोलणार, हा विषय निराळा आणि मोठा आहे. त्याविषयी पुढे केव्हातरी.